चौथा वॉशर

सोमवार, ३ मार्च

सूनबाईच्या गाडीने आज चढावर धूर काढला. कशीबशी घरी आणली. बॉनेट उघडलं तर जळक्या तेलाचा भपकारा. चिरंजीव नोकरीला परगावी, म्हणून मीच काठी टेकत गेलो, टॉर्च मारला. टर्बोला, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याला, तेल पुरवणारी बारीक लोखंडी नळी, वाकणापाशी चीर गेलेली. थेंब थेंब तेल तापलेल्या टर्बोवर. गॅरेजवाला फोनवरच म्हणे, अख्खा टर्बो बदला, आणि नंबर तीन आठवड्यांनी. न बघताच निदान!

मंगळवार, ४ मार्च

तीन आठवडे कसले? सूनबाई गुरांची डॉक्टर. पुढच्या मंगळवारपासून डोंगरावरच्या वस्त्यांत लसी टोचायच्या. तिथे चारही चाकं ओढणारी गाडी नसेल तर पायीच.

मी म्हटलं, नळी आपण घरीच बदलू. हिने चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, आपण म्हणजे कोण? बायको खोटं बोलत नाही. गेल्या वर्षीच्या झटक्यापासून माझ्या डाव्या हातात कपसुद्धा ठरत नाही. चौतीस वर्षं बस डेपोच्या वर्कशॉपात काढली, पण वर्षभर पान्याला हात लावलेला नाही.

सूनबाई म्हणाली, काम ती करणार, मी फक्त सांगायचं. एकाही बोल्टला मी हात लावायचा नाही. सगळं तिला स्वतःच्या हाताने करायचंय. बरं!

बुधवार, ५ मार्च

नळी आली. सोबत तेल गळू न देणारे तांब्याचे चार वॉशर. वरच्या, टर्बोकडच्या बोल्टला दोन, खालच्या, इंजिनाकडच्याला दोन.

शनिवार, ८ मार्च

जुनी नळी निघाली. वरचा बोल्ट सुटला, खालचा काही केल्या हलेना. काल रात्रीपासून गंज सोडवायचं तेल सोडून ठेवलं होतं, तरी नाही. ती जोर लावायला गेली, मी ओरडलो. बोल्ट तुटला तर इंजिन खोलावं लागेल. सांगितलं, आधी थोडा आवळ, मग सोड, पुन्हा आवळ. हट्टी जनावरासारखा चुचकार. हसली. म्हणाली, हे मला येतं. पाच मिनिटांत बोल्ट तिच्या तळहातावर.

मी स्टुलावर बसून नुसता बघत होतो. तोंडाने काम करणं हाताने करण्यापेक्षा अवघड, हे आज कळलं. ही दोनदा चहा ठेवून गेली, दोन्ही वेळा माझाच गार झाला.

रविवार, ९ मार्च

आज भांडण. लिहून ठेवतो, कारण चूक माझी होती.

नवी नळी बसली. दोन्ही बोल्ट आवळले. मी म्हटलं, चला, आता तेल भरून स्टार्टर मारू. ती जागची हलेना. वर्तमानपत्रावर तिने सगळं जुनं सामान ओळीने मांडलं होतं. बोल्ट दोन, नळी एक, वॉशर तीन.

"चौथा कुठे?"

मी म्हटलं, गेला असेल घरंगळत गाडीखाली. तिने अंगण झाडून काढलं. नाही. मी वैतागलो. चौतीस वर्षं काय मी वॉशर मोजत बसलो होतो का, वगैरे बरंच बोललो. बोलू नये तेही बोललो.

ती शांतपणे म्हणाली, "बाबा, पोट शिवायच्या आधी आम्ही कापसाचे बोळे मोजतो. एक कमी असला तर शिवत नाही."

आणि खालचा बोल्ट परत सोडला! माझा दाढीचा आरसा आत धरला, टॉर्च मारला. जुना वॉशर इंजिनालाच चिकटून बसला होता. काळा पडलेला, धातूचाच भाग वाटावा असा. त्याच्यावर नवा बसला असता तर तेल तिथून झिरपलं असतं, डोंगरात, वस्तीपासून कोसभर दूर.

तिने तो छोट्या स्क्रूड्रायव्हरने अलगद उचकटला आणि कागदावर ठेवला. चार.

मी माफी मागितली. मोठ्याने. ही दारात उभी होती, तिनेही ऐकलं.

सोमवार, १० मार्च

एकदा दाबलेला तांब्याचा वॉशर पुन्हा वापरत नाहीत, म्हणून सकाळी नवे आणले. बोल्ट आवळला. टर्बोच्या तोंडात थोडं तेल सोडलं. डिझेल बंद ठेवून स्टार्टर थोडा थोडा फिरवला, म्हणजे इंजिन सुरू होण्याआधी तेल टर्बोपर्यंत पोचतं. कोरडा फिरला की टर्बो संपला. मग डिझेल सोडलं. सुरू! दहा मिनिटं नुसती घुमत ठेवली. मी खाली कोरा कागद पसरला होता. एक थेंब नाही.

डेपोत माझ्या हाताखाली किती जण शिकले. असा हात एकाचाही नव्हता.

मंगळवार, ११ मार्च

डोंगर चढून, उतरून आली. धूर नाही, वास नाही. शेजारच्या मास्तरांनी विचारलं, काम कुणाकडून करून घेतलंत? मी म्हटलं, सुनेकडून. त्यांना थट्टा वाटली. मी बॉनेट उघडून दाखवलं. मग स्वतः वाकून नळी बघितली!

गुरुवार, १३ मार्च

जेवताना सूनबाईने सांगितलं. ती आणि आमचे चिरंजीव कायमचे वेगळे झालेत. तो नोकरीसाठी परगावी गेला तो गेलाच. घटस्फोटाच्या सह्या होऊन दोन महिने झाले. आईबाबांना मी सांगतो म्हणाला होता, त्याने सांगितलं नाही. पुढे सगळं एकटीनेच निभवायचं, म्हणून गाडीचं काम शिकून घेतलं, म्हणाली. डोंगरापलीकडे खोली बघून आली आहे.

ही उठली, तिच्या ताटात वाढलं आणि म्हणाली, "बायको त्याची होतीस. आमची कोण, ते आम्ही ठरवू. खोलीवाल्याला नाही म्हणून कळव. आधी जेव."

तिने डोळे पुसले, ताट संपवलं आणि हात धुऊन खोलीवाल्याला फोन लावला.

एवढे दिवस अभिमान सुनेचा वाटत होता. आज हिचा वाटला.