गडावरून न दिसणारं घर

आई, काल गावी गेले होते आणि गडावर चढून आले. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मी घरातला जिनासुद्धा कठडा धरून चढते, तेव्हा हे ऐकून तू आधी रागावशील. म्हणून पहिल्यांदा सांगून टाकते, गुडघा ठीक आहे. सुजलाय थोडा. लेप लावून बसलेय आणि बसल्या बसल्या तुला लिहितेय. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तुला कधी लिहावंसं वाटलं नाही. फोटोसमोर उभी राहून जे बोलायचं ते बोलून घेत होते. पण कालचं तसं उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही.

बाबांच्या कंपनीला दिवाळीची सुट्टी लागली की आपण सातपूरहून निघून सटाण्याची एसटी धरायचो आणि भाऊबीज आटोपली की दुसऱ्या दिवशी गड, हे ठरलेलं होतं. गड गावाच्या अगदी डोक्यावर. अर्ध्या वाटेवर माची, तिथे गणपतीचं देऊळ आणि तळं. तिथवर तूही आमच्याबरोबर यायचीस, जेवणाचं गाठोडं डोक्यावर घेऊन. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, आणि कडीच्या डब्यात सांज्याच्या पोळ्या. गाठोडं देवळाच्या ओट्यावर ठेवलं की बाबा म्हणायचे, "तू बस डब्यांपाशी. माकडं फार आहेत." की निघालो आम्ही वर. माकडं फार होती हे खोटं नाही. पण आमच्यात काका असायचे, आत्याचे दोन दांडगे मुलगे असायचे, कधी कधी बाबांचा एखादा मित्र असायचा. यांतलं कुणीही एखाद्या वर्षी डब्यांपाशी बसू शकलं असतं, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. आई डब्यांपाशी बसते, एवढंच मला ठाऊक होतं.

वर शेवटच्या दरवाजातून आत गेलं की बाबा घटकाभर थांबायचे. राजा इथून साऱ्या मुलखावर नजर ठेवायचा, असं दरवर्षी सांगायचे, आणि मग खाली बोट दाखवून म्हणायचे, "ते बघा आपलं घर. दिसलं?" आम्ही सगळे एका सुरात, "दिसलं, दिसलं." खरं तर मला कौलांचा नुसता पसारा दिसायचा. पण भूक लागलेली असायची आणि न दिसणाऱ्याला ते पुन्हा पहिल्यापासून समजावायचे. तिथून गडाच्या पार पलीकडच्या टोकाला, पाण्याच्या टाक्यांपाशी. तिथे पोरं धिंगाणा घालायची आणि ऊन चढलं की परत.

मी नववीत असेन, त्या वर्षी खाली आलो तर ओट्यावर दशम्यांचे तुकडे पडलेले, चटणी सांडलेली आणि सांज्याच्या पोळ्यांचा डबा गायब. तो मग तळ्याच्या काठच्या झुडपात सापडला, कडी तुटलेला आणि एका बाजूने चांगलाच चेपलेला. तू पायरीवर बसून पदराने तोंड पुसत होतीस. बाबा सगळ्यांदेखत म्हणाले, "एवढं एक काम होतं तुझं. एक काम." तू म्हणालीस, "डोळा लागला." बस, एवढंच. आम्ही उपाशीपोटी गड उतरलो आणि बाबा घर येईपर्यंत तुझ्याशी बोलले नाहीत. संध्याकाळी काकांच्या स्वयंपाकघरात चुलीच्या उजेडात मी तुझ्या टाचेतला काटा सेफ्टी पिनने काढत होते. मला तुझ्यासाठी रडू येत होतं आणि तू चक्क हसत होतीस. मी विचारलं, दुखतंय ना? तू म्हणालीस, "काढ तू." बसल्या जागी काटा कसा लागला, हे काही मी विचारलं नाही.

तो डबा तू टाकला नाहीस. नवी कडी बसवून घेतलीस, पण पोचा काढू दिला नाहीस. माझ्या लग्नात नव्याकोऱ्या भांड्यांबरोबर तोही दिलास. सासूबाईंनी उलटापालटा करून पाहिला आणि बाजूला ठेवला. मला तेव्हा तुझा राग आला होता.

पुढे माझा मुलगा लहान असताना एकदा तुझ्याकडे सातपूरला होतो. तू भाकरी थापत होतीस आणि मी त्याला गडाच्या गोष्टी सांगत होते, वरून आपलं गावचं घर कसं दिसतं वगैरे. तू परातीतून मान वर न करता म्हणालीस, "आपलं घर नाही दिसत. चिंचेच्या आड जातं. दिसतं ते शेजारचं." मी म्हटलं, तुला काय माहीत, तू कधी वर आलीस? तू भाकरी उलटलीस. मग म्हणालीस, "दरवाजातून आत गेलं की डाव्या हाताला एक बसका दगड आहे. त्यावर बसून बघ कधीतरी, नीट." बाहेरच्या खोलीत बाबा होते. ते हसून म्हणाले, "ही बघा, न गेलेली माणसं वाट सांगताहेत." तूही हसलीस, मीही हसले. काकू काहीतरी बोलली असेल, ते तुझ्या लक्षात राहिलं असेल, असं मला वाटलं.

आई, तू गेलीस तेव्हापासून हा गड माझ्या मनात सलतोय. बाबा गेले तरी त्यांच्यावरचा तो राग काही गेला नाही. माझ्या आईला दरवर्षी पायथ्याशी नाही, शेंड्यावर नाही, मध्येच बसवून ठेवलं, असं मी चार बायकांत सांगायचे. जिवंतपणी तुला जे दिसलं नाही ते तुझ्या वतीने एकदा बघून यायचं, म्हणून काल मुलाला गाडी काढायला लावली. सून होती, नात होती. सांज्याच्या पोळ्या केल्या आणि मुद्दाम तुझ्याच डब्यात भरल्या.

माचीवर पोचेपर्यंतच दम लागला. देवळाशी पोचलो तर मुलगा म्हणतो, "आई, तू आता इथेच बस. पिशव्यांकडे लक्ष ठेव, माकडं फार आहेत." सून म्हणाली, "आई, मी थांबते ना तुमच्याबरोबर." मी म्हटलं, तू जा. पोरीला टाक्या दाखव. ते गेले. मी ओट्यावर बसले, तुझ्याच जागेवर असणार, कारण सावली तेवढीच आहे. बसले खरी, पण मन लागेना. इतक्या लांब येऊन मीही पिशव्या राखायच्या? मग वाटलं, ते पार पलीकडच्या टोकाला जाणार, त्यांना वेळ लागणार. काठी उचलली आणि निघाले. दोन ठिकाणी अक्षरशः बसून सरकत चढले. एका करवंदीच्या जाळीत साडी अडकून फाटली.

दरवाजातून आत गेले. बाबांबरोबर आम्ही कायम उजवीकडे वळायचो. काल डावीकडे पाहिलं. आई, दगड आहे. बसका, गुळगुळीत, एका माणसापुरता.

त्यावर बसले आणि गावच्या घरी वहिनीला फोन लावला. तू गेल्यावर सून म्हणून आली ती, चुलतभावाची बायको. तिला म्हटलं, गच्चीवर जा आणि काहीतरी लाल हलव. ती गेली, म्हणाली, "हालाई ऱ्हायनू ना. दिसस का?" मी म्हटलं, नाही गं. थोड्या वेळाने म्हणाली, "ताई, हात दुखी ऱ्हायना मना." मी डोळ्यांवर हात धरून पाहिलं. चिंच दिसत होती, जुनी, रुंद. आणि तिच्या अलीकडे शेजाऱ्यांचं घर, बाबा ज्याच्याकडे बोट दाखवायचे ते, स्वच्छ उन्हात. वहिनीला म्हटलं, आपलं घर वरून दिसत नाही. ती म्हणाली, "असं कसं? आख्खं गाव सांगस, दिसस म्हणीसन." मग तीच म्हणाली, "चिच शे ना मधमा." मध्ये चिंच आहे, हे तिलाही तेव्हाच आठवलं.

किती वेळ बसले कोण जाणे. वारा होता. तू इथे बसली होतीस. आम्ही टाक्यांवर ओरडत होतो ते तुला ऐकू येत असेल. रडले, ते सांगते. तुला एवढं चोरून यावं लागलं, म्हणून बाबांवरचा राग थोडा उरलाच आहे. पण तू न बघता गेलीस हे इतकी वर्षं उराशी धरलं होतं, ते तिथे सुटलं.

उतरून आले तोवर व्हायचं ते झालं होतं. वेफर्सची पाकिटं फाडलेली, पाव गायब, तुझा डबा पायऱ्यांखाली उपडा. कडी टिकली, पण दुसऱ्या बाजूलाही पोचा आलाय. मी पायरीवर बसले न बसले तोच ही मंडळी आली. मुलगा म्हणाला, "आई, काय गं हे? एवढंच तर सांगितलं होतं." सून माझ्या फाटलेल्या काठाकडे बघत होती. मी पदराने तोंड पुसलं आणि म्हटलं, "डोळा लागला."

हे पत्र कुठे पाठवणार, घडी घालून डब्यात ठेवेन. फक्त एक कबूल करते. मुलगा परतीच्या वाटेवर सटाण्यापर्यंत घुश्शात होता आणि मी मागच्या सीटवर खिडकीकडे तोंड करून हसत होते. काटा काढताना तू का हसत होतीस, हे कळायला मला म्हातारं व्हावं लागलं.