व्याह्यांची बॅटरीवरची गाडी

रवि. ४ जाने.
सकाळी शेजारच्या रशीदभाईंना घेऊन कर्वेनगरला, केतकीच्या सासरी. व्याह्यांना, म्हणजे प्रभाकररावांना, त्यांची जुनी बॅटरीची स्कूटर काढायची होती. रशीदभाईंना हवी होती. गिऱ्हाईक मीच सुचवलं, आणि गाडी तपासणाराही मीच. एकतीस वर्षं आय.टी.आय.त पोरांना वीज शिकवली, आणखी कोण तपासणार?

बैठकीत पोहे, चहा, केतकीच्या सासूबाईंचं अगत्य. मग खाली पार्किंगमध्ये. गाडी स्टँडवर लावली, मूठ पिळली, मागचं चाक गरगर फिरलं. सगळे खूश. मूठ पिळताना पुढचा दिवा मंद झाला, तो मला दिसला. मीटर खिशात होता. काढला नाही.

प्रभाकरराव म्हणाले, "सांगा साहेब, तुमच्या शब्दावर आहे."
मी म्हणालो, "बॅटरी ठणठणीत. बिनधास्त घ्या, रशीदभाई."
व्यवहार झाला. परतताना रशीदभाई तीच चालवत पुढे, मी माझ्या गाडीवर मागे. सारखे मान वळवून हसत होते.

सोम. ५ जाने.
तसं पाहिलं तर गाडी वाईट नाही. लायसन लागत नाही, वजनाला हलकी, सीट इतकी खाली की रशीदभाईंचे दोन्ही पाय टेकतात. ब्रेक चांगले. टायर पाच वर्षांच्या मानाने छान. प्रभाकरराव नुसते भाजीला न्यायचे, त्यामुळे ओरखडा नाही. पंचवीसच्या वर पळत नाही, पण रशीदभाईंना कुठे शर्यतीत जायचंय.
एवढं सगळं मी कुणाला पटवतोय?

पोरांना दर वर्षी पहिल्याच तासाला सांगायचो, भार टाकल्याशिवाय बॅटरी तपासली असं म्हणायचं नाही. स्टँडवर चाक कुणाचंही फिरतं.

गुरु. ८ जाने.
रशीदभाई दारात पेढे घेऊन. चार दिवस धायरीतल्या धायरीत फिरवली, मजेत चालते म्हणे. सोमवारपासून खडकीला नेणार. तिथे गणवेश शिवणाऱ्या दुकानात ते कटिंग मास्तर आहेत. रोज बसने स्वारगेट, तिथून दुसरी बस, बहुतेक वेळा उभ्याने. उजवा गुडघा गेलाय. डॉक्टर म्हणतात उभं राहणं कमी करा, मालक म्हणतो दहाच्या आत या. हे सगळं मला चार तारखेच्याही आधी माहीत होतं.
आज तरी बोलायला हवं होतं. "रोज रात्री पूर्ण चार्ज करा" असा सल्ला दिला. पेढा खाल्ला. चांगला होता.

सोम. १२ जाने.
संध्याकाळी साडेसहाला फोन वाजला. रशीदभाई. मी नारळ खवत होतो. नाव पाहिलं आणि वाजू दिला. पुन्हा आला, पुन्हा वाजू दिला. ही म्हणाली, "अहो, फोन!" म्हटलं, हात ओले आहेत.
हात कोरडे होते.

मंगळ. १३ जाने.
सकाळीच त्यांच्याकडे गेलो. गुडघा टम्म सुजलाय, पाय उशीवर. काल जाताना खडकीपर्यंत कशीबशी पोहोचली. दुकानात थोडा वेळ चार्जिंगला लावली. येताना दांडेकर पुलाशी बंद. तिथून अर्धा-पाऊण तास ढकलत आणली, मग एका रिक्षावाल्याला दया आली, त्याने मागून पाय लावून वडगावपर्यंत आणून सोडलं. पुढे पुन्हा ढकलत.

फोन का घेतला नाही हे त्यांनी विचारलं नाही. उलट म्हणाले, "माझीच चूक असेल सर. मी मूठ फार पिळतो."
आणि मी काय म्हणालो? "थंडीत बॅटरी थोडी उतरते."
शबानाभाभींनी सरबत दिलं. ग्लास दोन्ही हातांनी धरून बसलो होतो. आठवडाभर कामावर जाता येणार नाही असं त्या म्हणाल्या. मालकाने दुसरा मास्तर बघून ठेवलाय, असंही.
लाज वाटते. मोठ्या अक्षरांत लिहिलं तरी कमी पडेल.

बुध. १४ जाने.
संक्रांत. तिळगूळ घेऊन कर्वेनगरला. प्रभाकररावांनी दारातच विचारलं, "काय, आमची गाडी काय म्हणते?"
मी म्हणालो, "झकास."
हा माणूस, म्हणजे मी, सोसायटीच्या मीटिंगमध्ये बिल्डरला तोंडावर चोर म्हणालेला. टोमण्यांबद्दल प्रसिद्ध. व्याह्यांसमोर मात्र मांजर. आपली मुलगी त्यांच्या घरात आहे, त्यांच्या वस्तूला नाव कसं ठेवायचं! त्यांनी कधी असं म्हटलेलं नाही. वाईट माणसं नाहीत ती. ही भीती मी घरूनच नेतो, हलव्याच्या डब्याबरोबर.

निघताना केतकी जिन्यापर्यंत आली. हळूच म्हणाली, "बाबा, ती गाडी इथल्या कमानीच्या चढावर दमायची. यांच्या बाबांना कळलं नाही, ते चढावर जातच नाहीत. मी नेली होती दोनदा."
"मग बोलली का नाहीस?"
"तुम्ही ठणठणीत म्हणालात. सगळ्यांसमोर तुम्हाला खोटं पाडू?"

शुक्र. १६ जाने.
रशीदभाईंकडून गाडी मागून आणली, "जरा बघतो" म्हणून. रात्रभर चार्ज केली. आज सकाळी रीतसर तपासली, पोरांना शिकवली तशी. धायरी ते स्वारगेट, वळून परत. जाताना चार्जचा काटा पूर्ण वर. परतताना राजाराम पुलाच्या पुढे दिवा मंद, मग वेग माणसाच्या चालीचा. वडगावला बंद. सतरा कि.मी. सुद्धा नाही.
तिथून ढकलली. मुद्दाम रिक्षावाल्याला हात केला नाही. वजनाला हलकी असं मी लिहिलंय वर. बंद पडल्यावर ती हलकी नसते.

निकाल असा: सांगाडा, मोटर, ब्रेक उत्तम. बॅटऱ्या संपलेल्या. चार तारखेला मीटर लावून एक चढ चढलो असतो, तर दहा मिनिटांत कळलं असतं. खरं तर कळलंच होतं.

हिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आपणच गुपचूप नव्या बॅटऱ्या बसवून देऊ. प्रभाकररावांना कशाला कळायला हवं?"
सोपं आहे. म्हणूनच मनात भरलं.

शनि. १७ जाने.
गाडी परत द्यायला गेलो. बॅटऱ्यांचं बोलायचं असं ठरवून गेलो होतो आणि तोंडातून दुसरंच आलं. "रशीदभाई, मला त्या दिवशीच कळलं होतं. दिवा मंद झालेला पाहिला होता मी."
भाभी आत गेल्या.
मग रशीदभाई म्हणाले, "मी पण पाहिला होता, सर."
"मग?"
"एक चक्कर मारून बघतो, असं ओठांवर आलं होतं. पण तुम्ही बिनधास्त घ्या म्हणालात. त्यानंतर मी चक्कर मागितली असती, तर तुमच्या मुलीच्या सासरी तुमचा शब्द काय राहिला असता? माझ्याही दोन मुली दिल्यात सर."

मला वाटत होतं, त्यांना फसवलं. त्यांनी तर उघड्या डोळ्यांनी माझी अब्रू विकत घेतली, आणि ती ढकलत दांडेकर पुलापासून आणली. तिथे मला रडू आलं. एकसष्टाव्या वर्षी, दुसऱ्याच्या घरात. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

नव्या बॅटऱ्यांचं म्हटलं तर म्हणाले, "ते नंतर बघू. आधी त्यांना सांगा. नाहीतर तुम्ही तिथे जाल तेव्हा दरवेळी असेच बसाल."

रवि. १८ जाने.
प्रभाकररावांना फोन केला. जरा बोलायचंय म्हटलं. ते म्हणाले, "या की! बरं झालं. वरच्या मजल्यावरच्या कुलकर्ण्यांची पण अशीच गाडी आहे, त्यांना काढायचीय. तुम्ही एकदा बघून बरी आहे म्हणालात की काम झालं."
बरं म्हटलं आणि फोन ठेवला.

चारला निघायचंय. काय बोलायचं ते तीनदा लिहून खोडलं. केतकीला काही कळवलेलं नाही. ही म्हणते, निदान चहा होईपर्यंत थांबा.

रशीदभाईंचा फोन येऊन गेला. गुडघा बरा आहे, मी पण येतो, म्हणाले. आधी नको म्हटलं, मग या म्हटलं. ते शेजारी उभे असताना मी एकदा खोटं बोललोय. आज बोलणार नाही असं वाटतं. चार तारखेला सकाळीही असंच वाटलं होतं.