तिनं नाव घेऊ नये

चांदा, सोमवार, २३ ऑगस्ट

चप्पल पुन्हा तुटली. मोच्याकडे जायला वेळ आहे कुठे! बायकांच्या वॉर्डात सगळ्या खाटा भरल्या, दोघी खाली सतरंजीवर. सगळा मुदतीचा ताप, टायफॉईड. नदीकाठच्या गावांतून गाड्या येऊनच राहिल्यात.

डॉ.चा नवा हुकूम. तापाच्या प्रत्येक पेशंटला सकाळ-संध्याकाळ तीन प्रश्न विचारायचे: तुझं नाव काय, तू कुठे आहेस, हा जवळ बसलेला कोण. उत्तर चुकलं तर ताप डोक्यात चढला समजायचं आणि लगेच कळवायचं. म्हणाले, "सिस्टर, ओरडणारी सगळ्यांना दिसते हो. गुपचूप भरकटलेली कोणाला दिसत नाही." माणूस चांगला आहे, फक्त घाई फार.

खाट पाच, भागरथा. मार्कंड्याकडच्या गावची. विशीतली पोरगी, अंगावरचं लेकरू घरी सासूपाशी ठेवून आलेली. नवरा लटारू खाटेच्या पायथ्याशी उकिडवा बसून असतो. तिला विचारलं, "हा कोण वं?" पदर ओढून तोंड भिंतीकडे. "नाव सांग ना त्याचं." तर म्हणते, "बाई, काऊन चेष्टा करता?" सगळा वॉर्ड हसला. मी मुकाट्यानं 'बरोबर' लिहिलं. आमच्या आईनं तरी बाबांचं नाव कधी घेतलं? रेशनच्या दुकानात मला पुढे ढकलायची.

मंगळवार, २४

भा.चा ताप १०४. चादर चिमटीत धरून ओढत होती, कापसातला कचरा वेचावा तशी. हे मला मुळीच आवडलं नाही. नागपूरला शिकताना थोरल्या सिस्टरनं बजावलं होतं, बोटं चादर वेचायला लागली की पेशंटला जपा. तिन्ही प्रश्न विचारले. नाव सांगितलं, दवाखाना सांगितला. नवऱ्याचं विचारल्यावर गप्प, पण पदर हातात घेतला. चला, शुद्ध आहे.

लटारू मागे लागलाय. "बाई, पोळा आला. बैल घरी न्या लागते. इले बी गाडीत घालून नेतो, पोरगं रडून राह्यलं." मी खेकसले, "गाडीच्या हिसक्यानं आतडं फुटलं तं बायको वाटेतच मरन. मग सजवा बैल!" जरा जास्तच बोलले. खाली मान घालून बाहेर गेला आणि चिंचेखाली बैलांपाशी बसला.

गुरुवार, २६, दुपार

भागरथा बोलली! डोळे टक्क उघडे. नाव? "भागरथा." कुठे आहेस? "चांद्याच्या दवाखान्यात." हा कोण? "लटारू." खणखणीत! वर आणखी, "लटारू, इकडं ये." शेजारच्या बायका पदर तोंडाला लावून खुदुखुदु. मीही म्हटलं, "वा गं बाई, तापानं धीट केलं तुला!" डॉ.नी तिन्ही उत्तरं ऐकली, सकाळी तापही उतरला होता, खूष झाले. उद्या पाहून घरी सोडू म्हणाले.

लटारू तेवढा खूष नाही. व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा. "काय झालं भाऊ? बरी होऊन राह्यली ना?" तर म्हणे, "हे तिचं बोलनं नाई बाई. पोरगं व्हायच्या आधी 'आयकलं का' म्हने, आता 'बाळ्याचे बाबा' म्हनते. माह्यं नाव तिच्या तोंडून आज पयल्यांदा आयकलं." मी हसून म्हटलं, लाजता काय! आणि जेवायला घरी आले.

आता हे लिहिताना 'लटारू, इकडं ये' लिहिलं आणि हात थांबला.

अगं बाई. सोमवारी भिंतीकडे तोंड फिरवणारी ती, आज चारचौघांत... शुद्धीवर असती तर जीव गेला तरी तिनं नाव घेतलं नसतं. तिसरं उत्तर चूक आहे. निघाले.

तोच दिवस, संध्याकाळ

तुटक्या चपलेनिशी धावले. भा. आढ्याकडे बघून लटारू, लटारू करत होती आणि लटारू समोर उभा असून त्याला ओळखत नव्हती. ताप १०५. बोटं चादर वेचत होती.

डॉ.ना बोलावून सांगितलं. म्हणाले, "माझी बायकोही घेत नाही हो. डोक्यातच आलं नाही." घरी जाणं रद्द. डोक्यावर घड्या चालू. या तापावरच्या नव्या कॅप्सूल नागपूरहून उद्या सकाळच्या गाडीनं यायच्यात.

मी इथलीच, चिमूरची. मला कळायला नको होतं? तो माणूस तोंडानं सांगत होता आणि मी त्याची थट्टा केली. घरी येऊन भांडी घासताना रडले.

शनिवार, २८, पोळा

लटारू गेला नाही. बैल दवाखान्याच्या विहिरीवर धुतले. शिंगं रंगवायला काही नाही म्हणाला, तर मी जखमेला लावायचं जांभळं औषध दिलं, बाटलीच्या तळाशी उरलेलं. जांभळ्या शिंगांचे बैल चिंचेखाली उभे आहेत. डॉ. बघून गेले.

कॅप्सूल कालपासून सुरू. काल दिवसभर बडबड चालली होती. आज सकाळपासून भा. गप्प. ताप १०१. डॉ. म्हणाले, गप्प होणं म्हणजे उतारही असेल किंवा ग्लानीही, आत्ता सांगता येत नाही.

चार वाजता प्रश्न विचारले. नाव पुटपुटली. "दवाखाना" म्हणाली. मग लटारूला मुद्दाम समोर उभा केला. हा कोण? त्याच्या कपाळावर घाम. तिनं त्याच्याकडे पाहिलं, पाहतच राहिली. बोलली नाही. हात हळूच उचलला, गळ्याशी नेला, लुगड्याचा काठ चिमटीत धरला. पदर डोक्यावर घ्यायचा होता, की पुन्हा ते वेचणं? काठ धरूनच तिचा डोळा लागला.

"पदरच घेत होती ना बाई?"

मला 'हो' म्हणवेना. 'नाही' तर त्याहून म्हणवेना. म्हटलं, जागी झाली की पुन्हा विचारू. चहापुरती घरी आले, तेवढ्यात हे लिहिलं. आता जाते. निघाले तेव्हा तो तिच्या उशाशी वाकून सांगत होता, "माह्यं नाव नको घेऊ वं. कोनी बी विचारलं तरी नको घेऊ."