बाबागाडीतला वरवंटा

२० फेब्रुवारी

आलो एकदाचे. तुळजापूर सोडून तामलवाडीकडं निघालो तेव्हा राजी टेम्पोत माझ्या मांडीवर झोपली होती, आणि ज्वारीच्या रानात एकदम पांढरंशुभ्र तीनमजली जहाज दिसलं. मला हसूच फुटलं. गोल खिडक्या, वर कठडे, पुढं नांगर, धुरांड्याला निळे पट्टे, आणि खाली काळी भेगाळलेली जमीन. आता हेच आमचं घर. माझा नवरा कृष्णराज या जहाजासारख्या बांधलेल्या हॉटेलचा मॅनेजर झालाय. पुण्याच्या हॉटेलात दुसऱ्यांचे हुकूम झेलून तो कंटाळला होता, इथं हुकूम तोच देणार. पाडव्याला उद्घाटन आहे. तोवर रात्री मुक्कामाला आम्ही तिघंच.

मालक गफारचाचा उमेदीची सगळी वर्षं प्रवासी जहाजांवर आचारी होते. गावी परतले आणि रस्त्याकडेच्या स्वतःच्या रानात सिमेंटचं जहाज बांधून बसले. पण दारं, कठडे आणि डेकच्या फळ्या अस्सल आहेत, त्यांनी स्वतः काम केलेल्या आणि पुढं गुजरातेत मोडीत निघालेल्या एका मोठ्या क्रूझवरून ट्रक भरभरून आणलेल्या. राजीला बघून म्हणाले, पहिली पॅसेंजर आली, लई बरं झालं. सात महिन्यांच्या पॅसेंजरनं त्यांची दाढी ओढली.

माझ्या दादानं मुंबईहून पाठवलेली बाबागाडी इतके दिवस अणदूरला सासरच्या खोलीत नुसती अडगळ झाली होती. आज तिला डेक मिळाला. संध्याकाळभर राजीला गाडीतून फिरवलं. ती दोन्ही पाय झाडत हसत होती, वारा चांगला होता, आणि मला खरंच वाटलं की इथं आपलं बरं चालेल.

२३ फेब्रुवारी

ज्यानं हे जहाज बांधलं त्यानं लेकरू कधी सांभाळलेलं नाही, एवढं नक्की. प्रत्येक दाराला वीतभर उंच लोखंडी उंबरा आहे. खोलीतून बाहेर पडा, उंबरा. जेवायच्या हॉलमध्ये जा, उंबरा. डेकवर जा, दोन उंबरे. दरवेळी राजीसकट गाडी उचलायची. मधला बोळ इतका अरुंद की समोरून कुणी बादली घेऊन आलं की एकानं मागं सरकायचं. लिफ्टमध्ये गाडी घडी केल्याशिवाय मावत नाही, आणि घडी करायला दोन हात लागतात. राजीला काय मी दातात धरू?

गफारचाचांना विचारलं तर म्हणाले, खऱ्या जहाजाला उंबरा असतोच बेटी, समिंदराचं पाणी खोलीत येऊ नये म्हणून. इथं प्यायचं पाणी टँकरनं येतं. कृष्णराजला म्हटलं, सुताराला सांगून उंबऱ्यांना लाकडी उतार करून दे. तो करतो म्हणाला. त्याचं हे ‘करतो’ मी लग्नापासून ओळखते.

त्यात राजीनं नवीनच खूळ घेतलंय. तिला आता झोळी नको, मांडी नको, फक्त गाडीतच झोप येते.

२६ फेब्रुवारी

आज डोकं फिरायची वेळ आली. भर दुपारी डेकवर सावलीत गाडी उभी केली, ब्रेक लावला, राजीला कडेवर घेऊन दूध पाजायला बसले. बघते तर रिकामी गाडी चाललीय. सावकाश कठड्यापर्यंत गेली, थांबली, आणि तशीच परत आली. मग पुन्हा तिकडं. फळ्या डुलत असाव्यात तशी.

कृष्णराजला बोलावलं. त्यानं गवंड्याची पाणसळ आणून फळीवर ठेवली आणि बुडबुडा बरोबर मध्ये असल्याचं मला दाखवलं. तू ब्रेक लावायला विसरलीस, म्हणाला. मी विसरले नव्हते. मी विसरले नव्हते हे मी त्याला कितीदा सांगायचं?

अत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाई शांताक्कांना, फोन केला. त्या मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, रिकामा पाळणा हलू द्यायचा न्हाय, हलला की त्यात कुणीतरी येऊन निजतंय. लेकरू उचललं की तिथं वरवंटा ठेव, टोपडं घालून. बारशाला आधी वरवंट्याला टोपडं घालून पाळण्यात निजवतात, त्याचं कौतुक करतात, मग तो काढून बाळाला ठेवतात, तसंच. त्यांनी पाटा स्वतःकडं ठेवून नुसता वरवंटा माझ्या सामानात बांधून दिला होता. त्याच्या धक्क्यानं सामानातली बरणी फुटली म्हणून तेव्हा मी चिडलेही होते. पण आता वाद घालायचं त्राण नाही. ठेवला.

१ मार्च

वरवंट्याचा गुण आला म्हणायचा. गाडी जागची हलत नाही. कृष्णराज त्याला ‘थोरला’ म्हणतो आणि येता-जाता विचारतो, थोरला जेवला का. कामावरची माणसंही हसतात. हसू देत.

पण जाच वाढला. राजीला काढा, वरवंटा ठेवा. वरवंटा काढा, राजीला ठेवा. पुन्हा उंबरा. उताराचं नाव नाही. उलट जहाजाच्या नाकासमोर शेततळं खणणं चालू आहे, कारण लोकांना जहाज पाण्यावर दिसलं पाहिजे. दिवसभर जेसीबी घरघरतोय. आज दुपारी माझे हात भरून आले आणि मी सरळ दोघांना एकत्र निजवलं, राजी वर आणि वरवंटा तिच्या पायाशी. वजनानं गाडीही चांगली बसते. आता रोज असंच करणार. एक काम तरी कमी होईल.

६ मार्च

राजी जड झालीय. उंबऱ्यावरून गाडी उचलताना पाठीत चमक भरली. कृष्णराज म्हणतो, लेकरू बाळसं धरतंय, बरंच आहे की. रडत नाही, चिडचिड करत नाही. जेसीबी कानाशी गरजला तरी पापणी हलत नाही. सगळे म्हणतात, लई गुणाचं लेकरू.

मला तिची चिडचिड हवी होती असं नाही. पण ती माझ्याकडं बघते तेव्हा तिची नजर माझ्यावर येऊन नुसती थांबते.

वरवंटा मात्र उन्हानं तापतो. सावलीत ठेवला तरी कोमट लागतो.

९ मार्च

तुळजापूरला डॉक्टरकडं नेऊन आणलं. बाहेर घाम निथळत होता आणि राजीचे तळवे गार. डॉक्टरांनी तपासलं, वजन केलं, काटा बिघडला असेल म्हणून पुन्हा केलं, आणि तब्येत उत्तम आहे म्हणाले. सुई टोचली तरी ती रडली नाही. धीट पोरगी, असं म्हणाले. मीच रडले. परत येताना कृष्णराज सारखं घड्याळ बघत होता. फेऱ्यात त्याचा अख्खा दिवस गेला, याचा राग.

राजी दूध ओढत नाही. तिला जवळ घेतलं की पान्हाच येत नाही. वाटलं, काळजीनं आटलं असेल.

संध्याकाळी गाडी झाडायला घेतली आणि टोपड्यासकट वरवंटा उचलून छातीशी धरला. पदर भिजला.

११ मार्च

पुन्हा करून बघितलं. राजी मांडीवर, काही नाही. वरवंटा उचलला की दोन्हीकडून पान्हा. टोपड्याची कड ओली असते. त्या कडेला दुधाचा वास येतो.

कृष्णराजला सांगितलं. त्यानं मला खुर्चीत बसवलं आणि म्हणाला, तुला विश्रांतीची गरज आहे, उद्घाटन झालं की चार दिवस माहेरी धाराशिवला जाऊन ये. मी ओरडले. विश्रांती नकोय मला, माझं लेकरू हवंय. तो म्हणाला, लेकरू मांडीवर आहे, बघ. होतं. दगडासारखं बसलं होतं.

१३ मार्च

गफारचाचांना गाठलं. त्यांनी ऐकून घेतलं, टर उडवली नाही. म्हणाले, जुन्या जमान्यात जहाज रिकामं असलं की पोटात पत्थर भरायचे, न्हाय तर ते डुलायचं. सवारी आली की पत्थर पाण्यात. त्या क्रूझवरही पहिल्या सफरीला एक दगड दर्यात टाकल्याचं त्यांनी पाहिलंय. जहाजाला आपल्या पोटातलं पत्थर कुठलं आन् सवारी कुठली हे बरोबर कळतंय, म्हणाले, त्यात गल्लत करू न्हाय.

गल्लत मीच केली. दोघांना एका जागी निजवलं.

कृष्णराज दारात उभा राहून हे ऐकत होता. त्याला फक्त दगड पाण्यात टाकायची गोष्ट आवडली. उद्घाटनाला हेच करू म्हणतो. थोरल्याला तळ्यात सोडू, फोटो चांगला येईल.

१४ मार्च

अत्याबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी मग विचारलं, दोघं एकदम निजवली व्हय गं? मी व्हय म्हणाले. त्यांचा आवाज बदलला. म्हणाल्या, म्या पाटा घेऊन येती. वरवंटा आपल्या पाट्यावर लागला की जे ते आपापल्या जागी येतंय. तवर त्याला जप. पाण्यात न्हाय, कुठंच टाकू देऊ नको. टाकला तर लेकरू गेलं.

उद्याच या म्हटलं. गुडघ्याला सूज आहे, कुणी सोबत नाही. पाडव्याला सकाळच्या एसटीनं निघतील.

पाच दिवस. कृष्णराजला आणायला जा म्हटलं तर म्हणतो, उद्घाटन तोंडावर असताना पाटा आणायला जाऊ?

१६ मार्च

तळ्यात पाणी सोडलं. टँकरवर टँकर.

दुपारी गाडी पुन्हा हलायला लागली. दोघं आत असताना. माझे पायही डोलतायत. बाकी कुणालाच काही होत नाही.

वरवंटा मी पदराखाली घेऊन फिरते. बायका बघून तोंड फिरवतात. त्यानं — तिनं — आज माझं बोट धरलं. दगडाला बोटं नसतात, ठाऊक आहे मला. पण धरलं.

१७ मार्च

कृष्णराजनं वरवंटा हिसकावून घेतला. झटापट झाली. मी त्याला चावले. शेवटी गफारचाचा मध्ये पडले आणि त्यांनी तो गाडीत ठेवायला लावला. कृष्णराज म्हणाला, उद्घाटनापर्यंत तिथंच राहील, मग बघू. मी हात जोडून म्हटलं, तुझी आई येईपर्यंत थांब, फक्त तेवढं. तो म्हणाला, बघू.

मांडीवरचं आता डोळे मिटत नाही.

१८ मार्च

मांडीवरचं हे आता मला उचलवत नाही. कृष्णराज दोन्ही हातांनी उचलून मांडीवर ठेवतो आणि दम लागल्याचं लपवतो. तरी कबूल करत नाही.

गाडीतून हुंकार येतो. भूक लागल्यावरचा, आधी बारीक, मग — मला तिथं पोचता येत नाही. माझ्या मांडीवर हे —

अत्याबाई उद्या. उद्या सकाळी.

१९ मार्च

पाडवा. अत्याबाईंचा फोन आला, तुळजापूरच्या स्टँडवर उतरल्यात, पाटा बरोबर आहे, रिक्षा बघतायत. कृष्णराजला सांगितलं. त्यानं नवा सदरा घातलाय. जाताना हे मांडीवर ठेवून गेला, तू बस, उठू नको म्हणाला. उठता येतच नाही. पाय बधिर झालेत. वही उशीखाली होती म्हणून लिहितेय. फोन टेबलावर, हात पोचत नाही.

खाली बँड. तेरखेड्याच्या फटाक्यांच्या माळा लावल्यात.

कृष्णराज आला. गाडीतून टोपड्यासकट उचलून घेतलं. मी म्हटलं, आई तुळजापुरात आलीय, थोडा वेळ थांब. तो म्हणाला, माणसं खोळंबलीत, आणि राजी तर तुझ्या मांडीवर शांत बसलीय. उंबरा ओलांडून गेला.

बोळातून रडण्याचा आवाज. माझ्या राजीचा. त्याच्या हातात ती रडतेय आणि त्याला —

मी ओरडतेय. फटाके संपत नाहीत. हे खाली ढकलायला बघतेय, हलत नाही, यानं माझा पदर धरलाय —

टाळ्या.

पाण्यात पडल्याचा आवाज. रडणं थांबलं.

पान्हा थांबत नाही. सगळा पदर भिजला, वही भिजतेय — म्हणजे ती अजून — कुणीतरी तळ्यात उतरा, ती अजून आत