खुशाल

२८ ऑगस्ट, सांगली
आमचं दशलक्षण पर्व सुरू. बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, महाराजांसमोर सगळ्यांनी एकेक नियम घेतला. शेजारच्या सुलाबाईंनी कारलं सोडलं — तसंही त्या खात नाहीतच! आणि ह्यांनी? 'नाही' हा शब्द! "कुणालाच न्हाई म्हणायचं न्हाई," म्हणाले आणि जीभ चावली. चातुर्मासभर चालणार असणार. दिवाळीपर्यंत!

२९ ऑगस्ट
'नाही'च्या जागी 'खुशाल' आलाय. समोरचा सिद्धू — "काका, म्हस बांधू तुमच्या पोर्चमधी?"
"खुशाल बांध."
स्कूटर रस्त्यावर, म्हैस पोर्चमध्ये. सिद्धू रोज तांब्याभर दूध देतो म्हणून हे खूशही आहेत.

३० ऑगस्ट
नववीसाठी शब्दार्थ लिहितेय. नेमका आज हाच आला!
खुशाल (क्रियाविशेषण) — मजेत, बिनदिक्कत.
पण गोष्टीत कुणी खुशाल झोपला की पुढच्या परिच्छेदात चोर आलाच. आणि 'खुशाल जा' म्हणजे — जाऊन दाखव! आमची आई अप्पांना जन्मभर तेच म्हणाली. अप्पा कुठेही गेले नाहीत.

३ सप्टेंबर
संस्थेचं पत्र! कराडच्या शाळेत मुख्याध्यापिका. मी! बावीस वर्षं वाट पाहिली. राहावं तिथंच लागेल. दहा तारखेपर्यंत कळवायचं.
ह्यांना सांगितलं.
"खुशाल जा."
आता ह्याचा अर्थ कुणाला विचारू?

५ सप्टेंबर
म्हशीनं शब्दार्थांची वही खाल्ली. 'क' ते 'घ' गेले.

८ सप्टेंबर
परत विचारलं. कढी भुरकत होते.
"अगं, जा की खुशाल."
हा 'की' रागाचा का लाडाचा? "मनापासून?" म्हटलं. "व्हय." पण ज्याला 'नाही' म्हणायची सोयच नाही, त्याच्या 'व्हय'ला काय अर्थ? डोकं फिरायची वेळ आली. रडूही आलं थोडं.

१० सप्टेंबर
कळवलं. घरगुती अडचणीमुळे येऊ शकत नाही.

१२ सप्टेंबर
सुलाबाईंनी शिडी मागितली. हे म्हणाले, "न्हाई, मलाच लागणार हाय."
मी ओरडलेच — अहो, नियम मोडला!
"तो कवाच सुटला, सहा तारखेला. दहा दिवसांचाच होता. अनंत चतुर्दशीपतोर."
म्हणजे आठ तारखेचा खुशाल... खरा होता. नको म्हणणारी मीच होते.
हे शिडी पुसत म्हणाले, "कराडला तुझ्यासाठी खोली बघून आलोय. कवा जायचं?"