खाडीची बरणी

माहीम, ता. पालघर
१८ सप्टेंबर १९६७

प्रिय दमू,

थेट तुझ्या नावाने लिहिलेलं माझं हे पहिलंच पत्र. एरवी तू आईला लिहितेस आणि मी तिच्या खांद्यावरून वाचतो. तेव्हा अक्षराला हसू नकोस.

गणपती पार पडले. तुझी आई ठणठणीत आहे आणि हल्ली मला साधू समजते. त्याचं झालं असं, परवा तिची आमटी मी दोनदा मागून घेतली. मग ती जेवायला बसली, पहिला घास घेतला आणि म्हणाली, "मीठ टाकायचंच राहिलं, तुमी बोलला का नाय?" मी म्हटलं, अन्नाला नावं ठेवू नयेत. जन्मभर तिच्या भाजीत खोड काढणारा माणूस असं बोलला, म्हणून तिने शेजारच्या तानीकाकूंना बोलावून ऐकवलं.

जांभूळ यंदा उत्तम आलं. तुझ्या पणजोबांनी निवडलेली पाचही झाडं उभी आहेत. फळं उतरवणाऱ्या नवशाचे गुडघे दुखतात, तरी "झाड मला वळखतं" म्हणून टेकडीच्या झाडावर दुसऱ्या कोणाला चढू देत नाही. पाच झाडांचा रस गूळ आणि आंबायला धायटीची फुलं घालून पाच बरण्यांत मुरवला, गाळूनही झाला. दसऱ्याला चाखून, कुठल्या बरणीतलं किती घ्यायचं ते ठरवून मिसळलं, की वर्षाचं आसव तयार. बाटल्या चाळीसच. दारूबंदीत हे औषध आहे, हे तुला सांगायला नको. आमच्या हवालदाराचं पोट तर दर शनिवारी न चुकता बिघडतं.

तारापूरला अणुवीज केंद्राचं काम जोरात चाललंय. तुझा मावसभाऊ शांताराम तिथे स्टोअरकीपर लागला. त्याने एका अमेरिकन इंजिनियरला अपचनासाठी माझ्याकडे आणलं. साहेब बरा झाल्यावरही तीनदा आला. मागच्या आठवड्यात त्याने स्वतःच एक बाटली आणली. त्याच्या मामाच्या मळ्यातली, द्राक्षांची लाल वाईन. मामा म्हाताऱ्या वेलींचे दोनच डोंगरउतार राखून आहे आणि वर्षाला थोड्याच बाटल्या भरतो. म्हणजे आपलाच खटाटोप, समुद्रापलीकडे. कशी आहे, असं साहेबाने विचारलं. मी डोळे मिटले, घोट तोंडात घोळवला आणि सांगितलं, उन्हाच्या उताराची आहे. साहेब माझा हात हलवत सुटला. शांताराम अजून ते गावभर सांगत फिरतो.

आता खरं ऐक. मला काहीही लागलं नव्हतं. नुसतं पाणी प्यायल्यासारखं वाटलं. ऊन खाल्लेलं फळ बरं असतं, एवढ्यावर मी ठोकून दिलं. पाडव्याला ताप आला होता ना, तेव्हापासून माझी चव गेली आहे. सहा महिने माझीच औषधं घेतो आहे. आईला सांगितलेलं नाही. बरण्या भरलेल्या आहेत आणि खाडीच्या झाडाचा रस कुठला, टेकडीच्या झाडाचा कुठला, ते मला कळत नाही. भीती वाटते, दमू.

तू अकरा वर्षांची होतीस. बरणीत बोट बुडवून म्हणाली होतीस, तात्या, ही खाडीची नाही, टेकडीची आहे. वर माझ्या हातची 'खाडी' अशी चिठ्ठी. मी चार माणसांदेखत तुला बाहेर काढलं. मुलींनी बरण्यांना हात लावायचा नाही, असंही बोललो. त्यानंतर तू त्या खोलीचा उंबरा ओलांडला नाहीस. तू बाहेर गेल्यावर मी ती बरणी पुन्हा चाखली होती. चिठ्ठ्यांची अदलाबदल माझ्याच हातून झाली होती. लोकांसमोर शब्द फिरवायचा नाही म्हणून तसंच मिसळलं, आसव तुरट झालं आणि मी पावसाला दोष दिला. तू बरोबर होतीस. हे सांगायला मला सोळा वर्षं लागली, तेही गरज पडल्यावर, याची लाज वाटते.

दसऱ्याच्या आधी ये. जावईबापूंना वेगळं पत्र घालतो. साहेबाच्या बाटलीत तुझ्यासाठी चार बोटं वाईन राखली आहे. कशी लागते ते मला सांग, आंबली असेल तर तेही सांग. आणि बरण्यांवर यंदा मी कोऱ्या चिठ्ठ्या लावल्या आहेत. चाखून नावं तू घाल.

तुझाच,
तात्या