भाकरीची दुसरी टोपली

परळ. रविवार दुपार. पौष लागला आहे, तिथी पाहिली नाही.

अण्णा,

फार दिवसांनी लिहिते आहे. तुम्ही गेल्यावर पहिली काही वर्षं श्राद्धाच्या दिवशी वहीत तुम्हांला उद्देशून चार ओळी तरी लिहीत असे, मग तेही सुटलं. राग मानू नका. वेळ नव्हता म्हणणं खोटं होईल. तुम्हांला सांगावं असं हातून काही झालं नव्हतं. काल झालं, पण ते बरोबर झालं का, हे मला ठरवता येत नाही.

तुमच्या वेळी इंग्रज होते. ते गेले, आणि आता मुंबईसकट मराठी मुलूख एक व्हावा म्हणून आम्ही रस्त्यावर आहोत. तेवढ्या मागणीपायी माणसांनी गोळ्या खाल्ल्या. मोर्च्यासाठी देशावरून आलेली माणसं आमच्या चाळीशेजारच्या व्यायामशाळेत उतरली आहेत. त्यांच्या जेवणाचं बायकांनी अंगावर घेतलं. प्रत्येक बिऱ्हाडानं जमतील तेवढ्या भाकऱ्या थापायच्या, टोपली दारोदार फिरवायची, वर फडकं बांधून पोचती करायची. टोपली माझ्याकडे आहे, कारण शाळेतल्या बाईंना कुणी दारातून परत पाठवत नाही. कुणाची भाकरी जाड, कुणाची करपलेली, पण टोपलीत पडली की कुणाची कुठली ते ओळखू येत नाही. मला त्याचंच अप्रूप होतं.

आमच्या मागच्या चाळीतली माणसं यंदा दसऱ्याला दीक्षा घेऊन बौद्ध झाली. काल तिथली एक बाई, गिरणीत साचेखात्यात आहे, स्वतःहून भाकऱ्या घेऊन आली, ओट्यावरच्या टोपलीत ठेवून पाण्याच्या नळाकडे गेली. तिची पाठ वळते न वळते तोच आमच्या शेजारच्या काकींनी त्या भाकऱ्या उचलून दुसऱ्या टोपलीत ठेवल्या.

"काकी, हे काय?"

"अगो बाय, माझा काय नाय," काकी म्हणाल्या. "पण देशावरची माणसां इली आसत, ती खातली काय? उपाशी ऱ्हवली तर पाप कोणाक?"

काकींचा मुलगा गेल्या वर्षीच्या लाठीमारात हात मोडून घेऊन आला होता, तरी मोर्च्याला पहिली तयार होते ती हीच बाई. त्यांना दुष्ट ठरवणं मला जमलं नाही, अजून जमत नाही. चाळ समितीचे चिटणीस जिना उतरून आले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुमचं सगळं खरं. पण आत्ता फूट नको. आधी मुंबई पदरात पडू दे, मग समाजसुधारणा आहेच."

"टोपली एक असेल तर मी नेईन," मी म्हटलं.

"आणि दोन असतील तर?"

"तर तुम्ही न्या." आणि मी ओट्यावर बसले.

कुणी टोपली उचलेना. तिकडे व्यायामशाळेत घोषणा चालल्या होत्या, त्या एकेक करून थांबल्या. माणसं भुकेली झाली की आवाज कसा बसतो, ते मला ऐकू येत होतं. आणि मला आपलं गिरगावातलं स्वयंपाकघर आठवत होतं. तुम्ही रात्रशाळेतल्या त्या अस्पृश्य म्हटल्या जाणाऱ्या सोबत्याला जेवायला घेऊन येता, आई दोन पाट मांडते. मग महिनोन् महिने शेजारणी तिला नळावर सगळ्यांच्या शेवटी उभी करतात, हंडा भरेपर्यंत पाणी जातं आहे. मी विचारलं, "अण्णा, आईला विचारलं होतंत?" तुम्ही हातातला घास खाली ठेवलात. "खऱ्या गोष्टीला कुणाची परवानगी लागत नाही." ते वाक्य मी इतकी वर्षं अभिमानानं बाळगलं. काल ओट्यावर ते बोचलं. तुम्ही वागलात ते योग्यच होतं, अण्णा. पण पाणी आई भरत होती.

तेवढ्यात ती बाई घागर घेऊन परतली. दोन टोपल्या तिनं पाहिल्या.

"हे कुणी केलं?"

काकी पदर चाचपत राहिल्या. चिटणीस म्हणाले, "अहो, मास्तरीणबाई तुमच्या वतीनं भांडतायत."

"माझ्या वतीनं? का, मला काय वाचा न्हाई?" कठड्यावरची पोरं हसली. ती माझ्याकडे वळली. "माणसं तिकडं उपाशी, आन् तुमी हितं माझ्या भाकऱ्यांची राखण करताय व्हय? एका शब्दानं इचारलंत मला?"

तिनं आपली टोपली डोक्यावर घेतली आणि चालू लागली. मी गडबडून उठले आणि आमच्या चाळीची टोपली उचलून तिच्या मागून निघाले. व्यायामशाळेच्या दारात ती खणखणीत आवाजात म्हणाली, "आमी दसऱ्याला बौद्ध झालो. ह्या आमच्या घरच्या भाकऱ्या हायत. ज्याला खायच्या त्यानं घ्याव्या."

मग एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "चटणी हाय का?"

"हाय की."

"मग आण इकडं. कवाधरनं वाट बगतोय."

त्याच्यामागून बरेच आले. काही मात्र हात मांडीवर ठेवून बसून राहिले. ते कशाची वाट पाहत होते हे मला उशिरा कळलं. आमच्या चाळीची ती वेगळी टोपली माझ्या हातात होती. जी नेणार नाही म्हणून मी अडून बसले होते, ती मीच तिथवर आणली होती.

संध्याकाळी काकी आल्या. इकडचं तिकडचं बोलल्या, आणि जाताना विचारलं, "ती रागावली काय गो?"

मला वाटतं, काकींना खरंच कळून घ्यायचं होतं.

अण्णा, हे पत्र घालायला पेटी नाही, म्हणून एवढं लिहिता येतं. इतके दिवस मी टोपली दारोदार फिरवत होते, सगळ्या भाकऱ्या एक होतात म्हणून मनात सुखावत होते. त्या फेरीत मागची चाळ कधीच नव्हती. कुणी मना केलं नव्हतं. मलाच सुचलं नव्हतं. काकींनी निदान दुसरी टोपली दिसेल अशी ठेवली.

उद्या: रिकामी टोपली घेऊन पहिल्यांदा मागच्या चाळीत जाणे, आणि फेरी तिथून सुरू केली तर चालेल का, हे तिला विचारणे.